राजकीय नेत्यांच्या स्वाक्षऱ्या : संग्रह, सत्यता आणि मूल्यनिर्धारण (मुंबई उपनगराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

स्वाक्षरी गोळा करणे हा आपल्याकडे शाळकरी वयातला छंद समजला जातो. व्याख्यान संपताच व्यासपीठाच्या पायऱ्यांशी वही उघडून उभी राहणारी मुले आणि तीत घाईघाईने नाव लिहून पुढे जाणारे वक्ते, हे दृश्य व्याख्यानमालांच्या भरभराटीच्या काळात महाराष्ट्रात सर्वत्र दिसत असे. पुढे मूल मोठे होते, वही पेटीत जाते आणि पेटी माळ्यावर जाते. परंतु सही करणारी व्यक्ती राष्ट्राच्या इतिहासाचा भाग झाली असेल, तर मधल्या काळात त्या पानाचे स्वरूप पालटलेले असते. अभ्यासकाच्या दृष्टीने ते इतिहासाचे साधन असते, लिलावगृहाच्या दृष्टीने विक्रीची वस्तू असते आणि पंचाहत्तर वर्षे उलटली असल्यास कायद्याच्या दृष्टीने ते पुरावस्तूही ठरू शकते. घरच्या माणसांना बहुधा यांपैकी कशाचीच कल्पना नसते.

मुंबई उपनगरात हा विषय आज निकडीचा झाला आहे, त्याचे कारण पुनर्विकास. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांच्या या जिल्ह्यात (घाटकोपर व मुलुंड ही कुर्ला तालुक्यात येतात) जुने बंगले, वाड्या, चाळी आणि पहिल्या पिढीतील गृहनिर्माण संस्थांच्या इमारती एकापाठोपाठ एक रिकाम्या होत आहेत. कुटुंबाला ठरावीक मुदतीत भाड्याच्या घरात जायचे असते. तिथे माळा नसतो. मग आजोबांची ट्रंक उघडली जाते, भांडी आणि दागिने बाजूला काढले जातात आणि कागद किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे जातात. क्वचित एखाद्या कागदावर ओळखीची सही दिसते. तेव्हा प्रश्न विचारला जातो तो एकच : याचे किती येतील?

हा प्रश्न गैर नाही. तथापि त्याचे उत्तर केवळ सहीकडे पाहून देता येत नाही. सही कोणाची आहे यापेक्षा ती कशावर आहे, कोणासाठी केली, केव्हा केली आणि त्या दिवसापासून आजपर्यंत तो कागद कोणाच्या हातांतून आला, यांवर तिचे मोल अधिक अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सही, स्वाक्षरी आणि दस्तुरखुद्द :

‘सही’ हा शब्द ‘खरे, बरोबर’ या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला. म्हणजे सही ही मुळात नावाची खूण नव्हती, ती मजकूर बरोबर असल्याची ग्वाही होती. ‘दस्तुरखुद्द’ हा शब्द तर अधिक बोलका आहे. आज आपण तो ‘स्वतः जातीने’ या अर्थी वापरतो. जुन्या व्यवहारात त्याचा अर्थ ‘स्वतःच्या हातचे अक्षर’ असा होता. मराठेशाहीतील पत्रे कारकुनाच्या हातची असत आणि त्यांना अधिकार प्राप्त होई तो शिक्का व मोर्तब यांमुळे. आरंभी राजमुद्रा, अखेरीस मर्यादेची छोटी मुद्रा, की पत्र पूर्ण झाले. त्यानंतर कोणी ओळ वाढवू नये, हा त्यातील हेतू. पेशवाईतील काही पत्रांत मात्र कारकुनी मजकुराखाली धन्याने स्वतःच्या अक्षरात चार ओळी घातलेल्या आढळतात आणि अभ्यासकाला त्या चार ओळीच उरलेल्या पत्रापेक्षा मोलाच्या वाटतात. म्हणूनच शिवकालीन पत्र दाखवून त्यावर महाराजांची ‘सही’ असल्याचे कोणी सांगू लागला, तर प्रथम सावध व्हावे.

बनावट कागदांची परंपराही आपल्याकडे नवी नाही. वतने आणि इनामे यांचे दावे जिंकण्यासाठी खोट्या सनदा तयार होत. शक, सुहूर सन, तिथी व वार यांचा मेळ बसतो की नाही हे तपासून खोटेपणा उघड करण्याची पद्धत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यापासून पुढच्या संशोधकांनी आणि १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने रूढ केली. विसाव्या शतकातील नेत्यांच्या स्वाक्षऱ्या तपासताना नेमकी हीच पद्धत उपयोगी पडते. फरक इतकाच, की तिथीऐवजी टपालाचा शिक्का पाहायचा असतो.

उपनगरात या स्वाक्षऱ्या आल्या कोठून?

राष्ट्रीय राजकारणाचा इतिहास सांगताना गिरगाव, गवालिया टँक आणि गावदेवी यांचा उल्लेख होतो; उपनगराचा क्वचितच. वस्तुतः जुहू हे गांधीजींच्या आजारपणातील विश्रांतीचे ठिकाण होते. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, ५ फेब्रुवारीस त्यांची सुटका झाली आणि मार्चपासून ते जुहूला मोरारजी कुटुंबाच्या बंगल्यात राहिले. कौन्सिल प्रवेशाच्या प्रश्नावर मोतीलाल नेहरू व चित्तरंजन दास यांच्याशी त्यांची बोलणी येथेच झाली. १९३७ च्या डिसेंबरात ते पुन्हा जुहूला होते आणि ६ मे १९४४ रोजी आगाखान पॅलेसमधून सुटल्यानंतर पुन्हा एकदा. अशा मुक्कामांत भेटीस येणारे, निरोप पोहोचवणारे, दूध-भाजी आणून देणारे, टपाल नेणारे असे किती तरी लोक आसपासच्या गावांतले असणार.

पार्ल्याची गोष्ट याहून निराळी. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ अशा दोन संस्था टिळकांच्या स्मरणार्थ येथे उभ्या राहिल्या आणि १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची उपनगरातील छावणी विलेपार्ल्यातच पडली. जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला, स्वामी आनंद यांची नावे या छावणीशी जोडलेली आहेत. पुढे गोरेगावात केशव गोरे आणि मृणाल गोरे यांच्याभोवती समाजवादी कार्यकर्त्यांचे वर्तुळ तयार झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर उपनगरातील मराठी वस्ती आघाडीवर होती. तेव्हा अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या ट्रंकेत सानेगुरुजी, एस. एम. जोशी, आचार्य अत्रे किंवा कॉम्रेड डांगे यांचे पत्र निघाले, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

गांधीजींच्या स्वाक्षरीची किंमत प्रथम ठरवली ती स्वतः गांधीजींनीच. १९३३-३४ च्या हरिजन यात्रेत आणि त्यानंतरही ते हरिजन निधीसाठी एका सहीमागे पाच रुपये घेत. मानपत्रे, करंडक, हारसुद्धा ते सभेतच लिलावात काढीत. पाच रुपये ही तेव्हा सामान्य माणसाला जड जाणारी रक्कम होती. या प्रथेचा आजच्या बाजारावर एक विचित्र परिणाम झालेला आहे. पैसे देऊन घेतलेल्या सह्या प्रामुख्याने कोऱ्या पानावरच्या, मजकूर नसलेल्या. आणि त्या संख्येनेही पुष्कळ. त्यामुळे ‘गांधीजींची सही’ ही सर्वसाधारण समजुतीइतकी दुर्मीळ वस्तू नाही. दुर्मीळ आहे ते गांधीजींचे काही नवे सांगणारे पत्र.

प्रकार आणि त्यांची उतरंड :

जाणकार संग्राहक सहीचा कागद हातात घेताच प्रथम त्याचा प्रकार ठरवतो. संपूर्ण पत्र नेत्याच्या स्वतःच्या अक्षरात असून खाली त्याची सही असणे, हा सर्वांत वरचा प्रकार. दुसऱ्याने लिहिलेले किंवा टंकलिखित पत्र आणि त्यावर नेत्याची सही, हा दुसरा. त्यानंतर सही केलेले छायाचित्र, ग्रंथ, प्रथम दिवस आवरण, स्वाक्षरी-वहीतील पान. आणि सर्वांत शेवटी पत्रातून कापून काढलेली नुसती सही. हस्तलिखित हा स्वतंत्र वर्ग. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेल्या गीतारहस्याच्या वह्यांना सहीची गरजच नाही. तिथे प्रत्येक अक्षर हीच सही आहे. १९१४ मध्ये सुटका झाल्यावर त्या वह्या सरकारने परत केल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. कागद परत मिळाले नसते तर काय झाले असते, याचा विचार माळा रिकामा करणाऱ्या प्रत्येकाने करावा असे वाटते.

दुसऱ्या प्रकाराविषयी एक गैरसमज आहे. टंकलिखित पत्र म्हणजे कमअस्सल, असे अनेकांना वाटते. गांधीजींचा पत्रव्यवहार अफाट होता आणि महादेवभाई देसाई व प्यारेलाल यांनी लिहून घेतलेल्या पत्रांवर ते सही करीत. असे पत्र मजकुराच्या दृष्टीने संपूर्णपणे गांधीजींचेच असते.

छापील सहीचा मात्र या उतरंडीत समावेशच होत नाही. निवडणुकीच्या आवाहनपत्रांवर, शुभेच्छापत्रांवर आणि देणगीच्या पावत्यांवर नेत्याच्या सहीचा ब्लॉक करून छापण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेत केनेडी यांच्या काळात सही करणारे यंत्र इतके वापरले गेले, की त्यावर चार्ल्स हॅमिल्टन यांना १९६५ मध्ये एक पुस्तकच लिहावे लागले. आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण भारतीय संविधानाचे आहे. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या सुलेखनातील मूळ प्रतीवर २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या २८४ सदस्यांनी सह्या केल्या. त्या प्रतीवरून डेहराडूनच्या सर्व्हे ऑफ इंडियाने शिळामुद्रणाच्या प्रकाशचित्रीय पद्धतीने १,००० प्रती छापल्या. अशा प्रतीत नेहरू, आंबेडकर, राजेंद्रप्रसाद या सर्वांच्या सह्या दिसतात, पण त्या छापलेल्या आहेत. असे असूनही २०२४ च्या जुलैत सॅफ्रनआर्टच्या लिलावात अशी एक प्रत ४८ लाख रुपयांना गेली. ही किंमत सह्यांची नव्हे, मर्यादित आवृत्तीच्या ग्रंथाची आहे. एखाद्याने तीतील सह्यांचे पान वेगळे काढून ‘आंबेडकरांची सही’ म्हणून विकले, तर ग्रंथ तर नष्ट होईलच, शिवाय ती फसवणूकही ठरेल.

सत्यतेची तपासणी :

अक्षर जुळते का, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. वास्तविक तो सर्वांत शेवटी विचारावा. अक्षर वयानुसार, आजारानुसार, लेखणीनुसार बदलते. गांधीजींनी १९०९ मध्ये ‘किल्डोनन कॅसल’ जहाजावर हिंद स्वराज्य लिहिले, तेव्हा उजवा हात थकल्यावर त्यांनी डाव्या हाताने लेखन चालू ठेवले. हस्तलिखिताच्या २७५ पानांपैकी सुमारे चाळीस पाने डाव्या हातची आहेत. शिवाय ते इंग्रजीत, गुजरातीत आणि नागरीतही सही करीत आणि निकटवर्तीयांना लिहिताना ‘बापू’ एवढेच लिहीत. अशा व्यक्तीच्या बाबतीत एका नमुन्यावरून दुसऱ्याची पारख करणे धोक्याचे आहे.

तुलनेचा नमुनाच खोटा असेल तर काय होते, याचा धडा १९८३ मध्ये जर्मनीत मिळाला. ‘स्टर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा म्हणून जाहीर केलेल्या वह्या हस्ताक्षरतज्ज्ञांनी प्रथम खऱ्या ठरवल्या, कारण त्यांना तुलनेसाठी दिलेल्या कागदांत त्याच बनावटखोराने, कोनराड कुजाऊने, तयार केलेले कागद होते. शेवटी निकाल लावला तो कागदाने. त्यात युद्धोत्तर काळात वापरात आलेले शुभ्रता वाढवणारे रसायन सापडले. अशा रसायनाचा कागद अतिनील प्रकाशात निळसर चकाकतो. नोटा तपासण्यासाठी दुकानदार जो छोटा जांभळा दिवा वापरतात, त्याने ही प्राथमिक चाचणी घरीही करता येते. १९२० चा म्हणून दाखवलेला कागद त्याखाली चकाकला, तर पुढे अक्षर पाहण्याचे प्रयोजन उरत नाही. शाईचेही तसेच. बॉलपेन बाजारात आले ते १९४५ च्या सुमारास. टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० चे. त्यांची बॉलपेनची सही हा विनोद झाला, तरी असे विनोद विकायला येतात.

उपनगरातील कागदांच्या बाबतीत पत्ता हा फार चांगला साक्षीदार आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तत्पूर्वी मुंबईत विभागांचे क्रमांक होते. विलेपार्ले पूर्वेचा पत्ता ‘मुंबई ५७’ असा लिहीत आणि पुढे त्याचेच ‘४०० ०५७’ झाले. १९६० च्या तारखेच्या पत्रशीर्षावर सहा अंकी पिन छापलेला असेल, तर ते पत्रशीर्ष नंतरचे आहे. तिकिटावरील किंमत आण्यांत आहे की पैशांत, हेही पाहावे. दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ पासून आली. पाकीट टाकून देऊन आतले पत्र तेवढे जपण्याची आपल्याकडे सवय आहे. परिणामी टपालाचा शिक्का, म्हणजेच तारीख आणि ठिकाण यांचा एकमेव त्रयस्थ पुरावा, नाहीसा होतो.

मराठी कागदांना आणखी एक कसोटी लावता येते, ती शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधीच्या पिढीच्या पत्रांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘त्यांत’ अशी रूपे हमखास येतात. १९१५ च्या म्हणून दाखवलेल्या मराठी पत्रात एकही व्युत्पत्तिनिष्ठ अनुस्वार नसेल, तर शंका घ्यावी; कारण आजच्या बनावटखोराने शाळेत नवे नियम शिकलेले असतात. ही कसोटी एकट्याने निर्णायक नव्हे. अनुस्वार गाळून लिहिणारे काही सुधारक आधीही होते. सावरकरांच्या लिपिशुद्धीच्या प्रभावाखाली ‘अि’, ‘अु’ असे लिहिणाऱ्यांची पत्रेही त्यांच्या लकबीवरून ओळखता येतात. घरगुती पत्रे मोडीत असण्याची शक्यता त्या पिढीत मोठी, आणि मोडी न येणारी मंडळी ती पत्रे ‘हिशेबाचे कागद’ समजून टाकून देतात, हे विशेष खेदाचे आहे.

यानंतर नेता त्या दिवशी त्या ठिकाणी होता का, हे पाहावे. गांधीजींच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण सी. बी. दलाल यांनी १९१५ ते १९४८ या काळातील त्यांच्या वास्तव्याची दैनंदिन सूची तयार केलेली आहे आणि संकलित वाङ्मयाचे १०० खंड उपलब्ध आहेत. समजा, ‘विलेपार्ले छावणी, जून १९३०’ असे लिहिलेली गांधीजींची सही कोणी दाखवली. ५ मे १९३० रोजी त्यांना कराडी येथे अटक झाली आणि २६ जानेवारी १९३१ पर्यंत ते येरवड्यात होते. सही कितीही हुबेहूब असो, स्थळ आणि काळ तिच्या विरुद्ध साक्ष देतात. याउलट ‘जुहू, एप्रिल १९२४’ असे शीर्ष असलेले पत्र अधिक तपासास पात्र ठरते.

एवढे सगळे झाल्यावर भिंग हातात घ्यावे. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात किंवा शाईची रेघ सर्वत्र सारख्या जाडीची असते. खऱ्या लेखणीची रेघ दाब बदलते, वळणावर शाई साचते, टोकाशी निमुळती होते. गिरवलेली सही संथपणे काढलेली असल्याने थरथरते आणि नको तिथे लेखणी उचलल्याच्या खुणा ठेवते. कागदाची पाठ बोटाने चाचपली, तर टाकाचा किंवा पेन्सिलीचा दाब पुष्कळदा जाणवतो.

मोल कसे ठरते :

बाजारात नेत्याच्या थोरवीइतकेच महत्त्व दुर्मीळतेला असते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत बटन ग्विनेट हे इतिहासात जवळजवळ विसरलेले नाव आहे. १७७७ मध्ये द्वंद्वयुद्धातील जखमेने त्यांचा मृत्यू झाला, त्यामुळे त्यांच्या पन्नासेक सह्याच ज्ञात आहेत. आणि जाहीरनाम्यावरील सर्वांच्या सह्या जमवू पाहणाऱ्या संग्राहकाला ग्विनेटवाचून चालत नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्कमधील लिलावात त्यांची एक सही ७,२२,५०० डॉलरला विकली गेली. आपल्याकडे तेविसाव्या वर्षी फाशी गेलेल्या भगतसिंगांच्या अक्षराची, आणि त्याहूनही राजगुरूंच्या अक्षराची, स्थिती तत्त्वतः अशीच आहे. ज्यांना लिहिण्यास आयुष्यच मिळाले नाही, त्यांचे अक्षर थोडे. दीर्घायुषी नेत्याने हजारो सह्या केलेल्या असतात.

पण केवळ दुर्मीळतेवर किंमत टिकत नाही, मजकूर हवा. ‘आपले पत्र मिळाले, आशीर्वाद’ एवढेच सांगणारे पत्र आणि एखाद्या निर्णयामागचा विचार उलगडणारे पत्र यांची सही एकच असली, तरी त्यांत मोठे अंतर असते. ११ जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे मृत्यूच्या एकोणीस दिवस आधी, गांधीजींनी ‘हरिजन’साठी लिहिलेला एक मसुदा २००७ मध्ये लंडनच्या ख्रिस्तीज लिलावगृहात आला. आल्बिन श्राम नावाच्या युरोपीय संग्राहकाच्या निधनानंतर त्याच्या घरातील धुलाईच्या खोलीतील कपाटात हा संग्रह सापडला होता. भारत सरकारच्या हस्तक्षेपानंतर तो मसुदा लिलावातून मागे घेण्यात आला व भारतास मिळाला. २०१२ मध्ये हर्मन कॅलनबाख यांच्याकडील गांधीविषयक कागदपत्रांचा संपूर्ण संग्रह सदबीजच्या लिलावाआधी भारत सरकारने सुमारे सात लाख पौंडांना घेतला आणि तो दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आला. कॅलनबाखची पत्रे सुटी-सुटी विकली गेली असती तर कदाचित बेरीज अधिक झाली असती. परंतु दक्षिण आफ्रिकेतील त्या मैत्रीचा आणि टॉल्स्टॉय फार्मच्या काळाचा अखंड पुरावा मात्र शंभर घरांत विखुरला असता.

येथेच घरगुती मालकाची सर्वांत मोठी चूक घडते. सही तेवढी कापून फ्रेम करणे हा प्रकार उपनगरात आजही चालतो. अंधेरीतील एका कुटुंबाने दाखवलेल्या १९४० च्या दशकातील स्वाक्षरी-वहीत प्रस्तुत लेखिकेस गांधीजींच्या सहीच्या जागी ब्लेडने कापलेला नीटस चौकोन आढळला. सही एका नातेवाइकाकडे भिंतीवर होती. पानाच्या मागील बाजूस आणखी कोणी तरी पाच-सहा ओळींचा मजकूर लिहिला होता. त्याची प्रत्येक ओळ त्या चौकोनाशी तुटली होती आणि नावाची केवळ पहिली दोन अक्षरे उरली होती. वही उपनगरातील कोणत्या सभेची, तिथे आणखी कोण होते, हे सांगणारा पुरावा त्या मागच्या मजकुरातच होता. भिंतीवरील सहीला आता ना तारीख आहे, ना ठिकाण. विकायला काढली तर ती खरी असल्याचे पटवून देणेही अवघड जाईल. वहीसकट ती सहज पटली असती.

म्हणून हस्तांतराचा इतिहास लिहून ठेवणे हे मूल्यनिर्धारणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. आजोबा कोण होते, पत्र त्यांना का आले, ते कोणत्या पेटीत कोणत्या कागदांसोबत होते, हे घरातील ज्येष्ठ व्यक्ती हयात असेतो विचारून एका वेगळ्या कागदावर तारखेनिशी लिहावे. व्यापारी सांगेल ती किंमत ही त्याची खरेदीची किंमत असते. लिलावगृहाचा अंदाज निराळा असतो आणि अंदाजाइतकी बोली येईलच असे नाही. दोन ठिकाणी विचारल्याशिवाय कागद हातचा सोडू नये.

कायद्याची चौकट :

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार सर्वसाधारण वस्तू शंभर वर्षांनी पुरावस्तू ठरते; पण शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यात्मक मूल्य असलेली हस्तलिखिते, अभिलेख आणि दस्तऐवज यांना पंचाहत्तर वर्षेच पुरतात. याचा अर्थ असा, की ३० जानेवारी २०२३ नंतर गांधीजींचे ऐतिहासिक मूल्य असलेले प्रत्येक अस्सल पत्र या व्याख्येत आले आहे. डॉ. आंबेडकरांच्या बाबतीत ही मर्यादा ६ डिसेंबर २०३१ रोजी पूर्ण होईल. तोवर प्रत्येक कागदाची तारीख स्वतंत्रपणे पाहावी लागेल. पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो आणि केंद्र सरकार वा त्याने अधिकृत केलेली संस्था यांखेरीज कोणालाही पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यासाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. इंटरनेटवर परदेशी ग्राहक मिळाला आणि पत्र कुरियरने पाठवले, तर पाठवणाऱ्याच्या मनात काहीही असो, तो निर्यातीचा गुन्हा होतो. लंडनमध्ये गांधीजींची पत्रे खुलेआम विकली जातात ती मुख्यतः अशासाठी, की ती मुळातच दक्षिण आफ्रिकेतील वा युरोपातील व्यक्तींना लिहिलेली असून त्यांच्या वारसांकडे राहिली.

दुसरी गोष्ट, पत्राचा कागद पत्र मिळालेल्याचा. मजकुराचा स्वामित्वहक्क मात्र लिहिणाऱ्याचा. विकत घेतलेले पत्र छापण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. गांधीजींच्या प्रकाशित लेखनावरील नवजीवन ट्रस्टकडे असलेला हक्क १ जानेवारी २००९ पासून संपला. इतर नेत्यांच्या बाबतीत मृत्यूनंतरची साठ वर्षे मोजावीत. तसेच सरकारी नस्तीतून निघालेला कागद, त्यावर कोणाचीही सही असो, खाजगी संग्रहाची वस्तू होऊ शकत नाही. केंद्र शासनाच्या कागदांना सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ लागू आहे. निवृत्त आजोबांनी कार्यालयातून ‘आठवण म्हणून’ आणलेली फाईल या कारणाने विकण्याजोगी नसते.

घरातील जतन :

मुंबईची दमट हवा, कसर आणि वाळवी यांच्यापेक्षा अधिक नुकसान स्टेशनबाहेरील लॅमिनेशनच्या दुकानाने केले आहे. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक कागदापासून पुन्हा सुरक्षितपणे सोडवता येत नाही आणि लॅमिनेट केलेल्या पत्राची किंमत तिथेच कोसळते. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून शाईत उतरते. टाचणी व स्टेपल गंजतात. पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून शतकानुशतके टिकले, ते कापडाला हवा लागते म्हणून. घरीही आम्लरहित कागदाच्या लिफाफ्यात पत्र सपाट ठेवून ते स्वच्छ सुती कापडात गुंडाळावे. घडी वारंवार उलगडू नये. सही भिंतीवर लावायचीच असेल तर छायाचित्र लावावे. सूर्यप्रकाशात शाई उडते.

घर रिकामे करण्याची तारीख ठरली की प्रथम सर्व कागद, पाकिटांसह, दोन्ही बाजूंनी छायाचित्रित करावेत. त्याला एक दुपार पुरते. मोडीतील गठ्ठे वाचता येत नाहीत म्हणून वेगळे काढू नयेत. ठेवणे शक्य नसेल तर संपूर्ण संग्रह एकत्र द्यावा : राज्याचा पुराभिलेख विभाग १८२१ पासून कार्यरत असून त्याचे मुंबईतील कार्यालय काळा घोडा येथे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे; गांधीविषयक कागदांसाठी गावदेवीचे मणिभवन आहे; राष्ट्रीय अभिलेखागार खाजगी कागदपत्रेही स्वीकारते. देताना कागदांची यादी दोन प्रतींत करून एकीवर पोच घ्यावी, आणि कुटुंबाचे नाव संग्रहाला लावले जाईल का, अभ्यासकांना तो केव्हापासून पाहता येईल, याची लेखी नोंद त्याच वेळी करून घ्यावी.